करडगव्हाणच्या खंदकातली साक्ष

अगं ऐक ना, तो फोन ठेव आधी बाजूला. आत्ता जे ऐकून आलेय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. चार तास गाडीत बसून आलेय, पाठ मोडलीये, पण आधी हे ऐक.

करडगव्हाण हे नाव तू ऐकलं नसशीलच. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे, सगळी सपाट काळी जमीन. आम्ही चौघं जुन्या खंदकांची मापं घ्यायला गेलो होतो. खंदक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगरी किल्ला येतो, दगडी तट, खाली पाणी. तिथे यातलं काही नाही. जवळपास टेकडीच नाही, मग किल्ला बांधणार कशावर? म्हणून त्या लोकांनी काय केलं, जमिनीत गोल वेढा खणला, निघालेली माती मधोमध टाकली आणि आपली टेकडी आपणच उभी केली. तिच्यावर गढी. खंदक जेवढा खोल, तेवढी गढी उंच. आता गढी पावसापाण्याने विरघळून नुसता पांढरा ढिगारा उरलाय, पण खंदक आहे. अजून पाणी आहे त्यात. गावातल्या विहिरींना त्याचाच पाझर, म्हशी त्यातच डुंबतात, आणि गावातला एकही रस्ता सरळ जात नाही, सगळे खंदकाच्या कडेने वळतात. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी खणलेल्या खड्ड्याला आजही सगळं गाव वळसा घालून चालतं.

आणि त्या पाण्यात, गढीच्या दरवाजासमोर, एक छोटंसं बेट आहे. बेट कसलं, मातीचा उंचवटा, वर एक तरवडाचं झुडूप, पिवळ्या फुलांचं. आमच्यातल्या ओजसला वाटलं तिथे उभं राहून वेढ्याचा छान फोटो येईल. त्याने पँट दुमडून पाय पाण्यात घातला, तोच हिवराच्या झाडाखाली बसलेले एक म्हातारे ओरडले, "ओ पावणं! तिथं चढू नगा. ती साक्ष हाय."

लिंबाजी आबा त्यांचं नाव. वय विचारलं तर म्हणाले, "लई झालं." अर्धं वाक्य झालं की थांबायचे, दम घ्यायचे, पाण्याकडे बघायचे आणि मग पुढचं. पण दुपारभर त्यांनी सांगितलं, आणि आम्ही टेप गुंडाळून ऐकत बसलो.

आता मी सांगते तुला.

फार पूर्वीची गोष्ट. राजा कोण होता ते आबांनाही ठाऊक नाही. करडगव्हाणवर साबाजी नाईक म्हणून एकाचा अंमल होता. एका वर्षी, सुगी घरात आल्यावर, घोड्यांवरून लुटारू आले. धान्य नेलं, गुरं नेली, आणि माणसंही नेली. बायका, मुली. जाताना गढी पेटवून दिली. साबाजी नाईक तेव्हा बाहेरगावी होता. परत आला तेव्हा राख उरली होती. त्या राखेवर उभं राहून त्याने म्हणे शपथ घेतली, की या गढीभोवती बारा हात खोल पाणी उभं राहत नाही तोवर मी छपराखाली झोपणार नाही.

मग त्याने माती खणणाऱ्यांना बोलावणं धाडलं. ही माणसं दूर दक्षिणेकडून यायची, गाढवं, पोरंबाळं, कुदळी, पहारी असं सगळं बिऱ्हाड घेऊन. तळी खणायची, विहिरी खणायची, काम संपलं की पुढच्या गावाला. त्यांची मुख्य होती सायव्वा. नवरा गेल्यापासून शंभरेक माणसांचा तो जथा तीच चालवायची. दोन मुलगे होते तिला, थोरला हणमा आणि धाकटा मल्लू. दोघेही पहार चालवण्यात वाकबगार. आपण आलो तेवढी माणसं इथून परत न्यायची, एवढंच तिच्या मनात असायचं. दर कामाला तिला तेवढंच हवं असायचं आणि दर कामाला एखादं माणूस कमी व्हायचंच.

आता त्यांची काम करायची रीत लक्षात घे, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. जमीन खणायला लागलं की मूळ जमीन किती उंच होती ते दिसेनासं होतं, हो ना? मग किती खोल गेलो ते कळणार कसं? म्हणून ही माणसं खणताना मधेच एक मातीचा खांब न खणता सोडायची. खाली रुंद, वर निमुळता, माथ्यावर एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा. त्या खांबाला म्हणायचे साक्ष. त्याच्या माथ्यावरून दोरी सोडायची, ती तळाला टेकली की खोली कळते. काम पुरं झालं की साक्ष पाडायची, आणि मग गाव सोडायचं.

करडगव्हाणात त्यांनी साक्षीसाठी तरवडाच्या झुडपाची जागा निवडली. हुशारी होती त्यात. खोली जास्त दिसावी म्हणून कुणी वर माती चढवली, तर झुडपाचा बुंधा पुरला जाणार आणि चोरी लगेच दिसणार. साबाजी नाईक मुळातच संशयी. त्याने देवळासमोर सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "साक्षीला जो हात लावेल, त्याचा हात मनगटापासून उतरवीन. मग तो तुमचा असो नाहीतर माझा."

सायव्वा म्हणाली, "घाल की शपथ. आमची माणसं साक्षीला शिवत नाहीत."

काम सुरू झालं. दोन वर्षं चाललं, बघ. पावसाळ्यात कडा ढासळायच्या, गाळ आत यायचा, की पुन्हा तेच उपसायचं. आज उपसलेलं उद्या परत. सायव्वाच्या माणसांना झोपेतसुद्धा पाटी उचलल्यासारखे हात हलायचे, असं सांगतात. नाईक उघड्यावर झोपायचा, थंडीत, दवात. त्याचेही डोळे लाल झालेले. कुणी कुणाशी धड बोलेना. सगळं गावच दमलं होतं.

त्यातल्या त्यात एक बरं होतं, गावातल्या बायका चांगल्या होत्या. काशाई म्हणून गुरवाची बायको होती. तिच्या दोन्ही मुली त्या लुटीत गेलेल्या. ती रोज दुपारी आंबिलीचं मडकं घेऊन खंदकावर यायची. तापाने पडलेल्यांना काढा द्यायची. आणि तिनेच म्हणे पहिल्यांदा साक्षीची पूजा केली. काठापासून खांबाच्या माथ्यापर्यंत शिंदीचं एक खोड आडवं टाकलेलं असायचं, दोरी सोडणाऱ्याला जायला. त्यावरून काशाई गेली, तरवडाला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, परत आली.

हणमा हसायला लागला, "आमची मोजायची काठी हाय ती, आई. तिला कशाला कुंकू?"

काशाई म्हणाली, "तुझ्यासारखी चार पोरं तिच्या भरवशावर राबतात, म्हणून."

मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी बायका येऊ लागल्या. दुपारी, खणणारे झाडाखाली आडवे झाले की. एकेक बाई यायची, खोडावरून जायची, वाकायची, परतायची. नाईकानेही हरकत घेतली नाही, देवाधर्माला कोण अडवणार? सायव्वाला फार बरं वाटलं होतं त्याचं. ती गावोगाव फिरलेली बाई. लोक काम करून घेतात, तोंड फिरवतात, हे तिला माहीत. इथे मात्र आपल्या साक्षीला कुणीतरी मान देतंय, असं वाटलं तिला.

माप दर अमावस्येला व्हायचं, त्या दिवशी खणणं बंद असायचं. माघातल्या अमावस्येला दोरी सोडली तर अकरा हात भरले. राहिला एक हात. म्हणजे दोन वीत. खाली मुरूम लागला होता, पहार टणकन उडायची, तरी त्यांनी फाल्गुनात एक वीत खणली आणि चैत्रात एक वीत. चैत्रातल्या अमावस्येला सगळा जथा काठावर उभा राहिला, सामान निम्मं बांधलेलं. गाढवांना झुली चढवलेल्या. दोरी सोडली.

अकरा हात आणि एक वीत.

पुन्हा सोडली. तेवढंच.

नाईक म्हणाला, "एक वीत कमी आहे."

हणमाचा तोल गेला. "आम्ही खणलीय ती वीत! हे बगा हात!" असं म्हणून त्याने फोड आलेले तळवे पुढे केले. नाईकानेही बघितले. तो काही दुष्ट नव्हता गं. पण शपथ बारा हातांची, दोरी खोटं कसं बोलेल? म्हणाला, "हात दिसतायत मला. पण दोरीही दिसतेय."

सायव्वाने तरवडाकडे बघितलं. मुळं उघडी पडल्यासारखी वाटली तिला. तिला वाटलं, वारा. दोन वर्षांचं ऊन, वारा, माती झिजते. साक्षीवर माती चढवणारे चोर तिने ऐकले होते. साक्षीची माती उतरवणारा चोर कुणी ऐकलाय? माथा खाली आला तर खोली कमीच दिसणार, कुणाला काय मिळणार त्यात? शंका आलीच तर तिला नाईकाची आली. जास्त खोल करून हवंय, दुसरं काय. पण पुरावा नाही, आणि भांडायला अंगात त्राण नाही. तिने माणसांना सांगितलं, "सामान सोडा. एक वीत खणू."

आता एक वीत म्हणजे, तुला वाटेल, टीचभर. पण ती सगळ्या वेढ्यात! आणि मुरमाखाली लागली चिकणमाती, पाझर फुटलेली. कडा आतून ओल्या झालेल्या. तिसऱ्याच दिवशी सकाळी गढीच्या बाजूची कड खाली आली. खाली सहा माणसं होती. पाच निघाली. हणमा नाही निघाला. दुपारपर्यंत उकरत होते.

काशाई तीन दिवस सायव्वाच्या पालापाशी बसून होती. सायव्वा रडली नाही, काशाईच रडली. असं धाय मोकलून, जणू तिचाच गेलाय. सायव्वानेच म्हणे तिला पाणी दिलं.

चौथ्या दिवशी जथा परत खाली उतरला. हणमाच्या जागी मल्लू उभा राहिला. दुसरं कोण होतं?

(इथे आबा थांबले. ओजसने हळूच पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी घेतली पण प्यायले नाहीत.)

तर शुक्रवार होता. दुपारची सुट्टी झाली, सगळे वर झाडाखाली गेले. सायव्वाला ती उतरण चढवेना. ती खालीच, साक्षीच्या पायथ्याशी, सावलीच्या पट्टीत पडून राहिली. डोळा लागला नव्हता, नुसती पडली होती. तोंडावर मातीचे कण पडले. तिने वर बघितलं.

वर हिरव्या बांगड्यांचा हात. तरवडाच्या बुंध्याशी कुंकू लावलं, मग बोटांनी मूठभर माती खरवडली, पदराच्या टोकात बांधली आणि गेली. सायव्वाला वाटलं, अंगारा म्हणून नेत असेल. थोड्या वेळाने दुसरी आली. कुंकू, मूठ, गाठ. मग तिसरी. प्रत्येक बाई येताना मागे बघायची, आपल्याला कुणी पाहत तर नाही ना. सात आल्या त्या दुपारी. सातही एकेकट्या.

आठवी आली तेव्हा सायव्वा उतरण चढून वर, खोडाच्या टोकाशी उभी होती. परतणाऱ्या बाईचं मनगट तिने धरलं. ती काशाई होती.

पदराची गाठ तिथेच सुटली आणि माती दोघींच्या पायांवर सांडली.

सायव्वाने विचारलं, "नाईकानं सांगितलं?"

"नाही गं माय. कुणीच नाही सांगितलं."

"मग?"

काशाई खाली बसली. म्हणाली, "तुम्ही जाल म्हणून."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, घोडे फिरकले नाहीत. शंभर माणसं पहारी घेऊन इथं उभी आहेत, म्हणून. बारा हात भरले की तुम्ही जाणार. मग आमच्याकडे काय राहणार? पाणी! पाणी काय करणार? पाणी हाक मारत नाही, पाणी काठी उचलत नाही. माझ्या पोरी नेल्या तेव्हा आडात पाणी नव्हतं का? मला वाटलं, एक मूठ नेली तर चार दिवस अजून राहतील. मी एकटीच नेते असं वाटायचं, सायव्वा. देवाशपथ. एका मुठीनं काय होतंय?"

"तुझ्याआधी आज सात आल्या."

काशाईला खरंच माहीत नव्हतं. गावातल्या प्रत्येक बाईला वाटत होतं, आपली एकच मूठ.

आता बघ ना सायव्वाचं. तिच्या हातात मनगट आहे. नाईक हाकेवर आहे. नुसती हाक मारायची. शपथ त्याचीच, देवळासमोरची. हा हात जाईल, बाकी सातांचे जातील, माप दुरुस्त होईल, जथा उद्या सकाळी सुटेल. मल्लू वर येईल. आणि हाक नाही मारली, तर ती खोटी वीत खणत राहायची, ओल्या कडांखाली, मल्लूला घेऊन. आणि हाच तो हात. यानेच हणमाच्या अंगावरची माती धुतली होती. यानेच ती माती त्याच्यावर आणली होती.

तिला राग यायला हवा होता, आबा म्हणाले. पण राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

ती म्हणाली, "माझा पोरगा तुला परत आणता येत नाही, काशाई. माती आणता येते. ती आण."

"म्हंजे?"

"जिनं जिनं नेली, तिनं तिनं आणून टाकायची. अमावस्येला, सकाळी. नाईकासमोर."

"हात जातील गं!"

"एकटीच आलीस, तर एकीचा जाईल. सगळ्या आलात तर सगळ्यांचे कसा तोडेल? त्याला भाकरी कोण थापणार?"

"नाही येणार कुणी."

"नाही आल्या तर मी तुझं नाव सांगेन," सायव्वा म्हणाली. आणि तिने मनगट सोडलं. माफ केलं असं नव्हे हं. आबांनी हे दोनदा सांगितलं. माफ नाही केलं.

तेवढे दिवस तिने माणसांना खणायला खाली सोडलं नाही. मल्लू विचारत राहिला, "आई, असं बसून कसं भरेल?" ती म्हणायची, "बस. दमलास."

वैशाखातली अमावस्या उजाडली. नाईक आला, कारभारी आला, जथा काठावर उभा राहिला. दोरी घेऊन मल्लू पुढे झाला तशी सायव्वा म्हणाली, "थांब." सगळे थांबले. ऊन चढायला लागलं. गावाच्या बाजूला कुणीच नाही. नाईक वैतागला, "कशासाठी थांबायचं?" सायव्वा गावाच्या वाटेकडे बघत होती. तिलाही वाटायला लागलं असेल, की आता नाव घ्यावंच लागणार.

मग काशाई आली. एकटी. पदर पुढे धरून, ओटी भरायला यावं तशी. खोडावरून चालत गेली आणि तरवडाच्या मुळाशी माती ओतली. सगळ्यांच्या देखत.

नाईक ओरडला, "काय करतेस?"

ती म्हणाली, "नेली होती. परत केली." आणि तिथेच हात पुढे करून उभी राहिली.

नाईकाचा हात तलवारीवर गेला, असं सांगतात. बराच वेळ तसाच राहिला. इतक्यात शेटाची सून आली, पदर धरून. मग कुंभारीण. मग एका घरातल्या तिघी जावा, एकमेकींकडे न बघता. मग रांग. कुणी रडत होती, कुणी पुटपुटत होती, पण बऱ्याच जणी नुसत्या खाली मान घालून, दमलेल्या, यायच्या आणि ओतायच्या. खोडावर जागा पुरेना. किती जणींनी खरंच नेली होती आणि किती जणी नुसत्या काशाईसाठी आल्या, ते आता कोण सांगणार?

सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली, दोघींचा आधार घेऊन. साबाजी नाईकाची आई.

"आई, तू पण?"

म्हातारी म्हणाली, "तुझी बायको नेली त्यांनी. धाकट्याची नेली. मी मूठ नाही, ओंजळ नेत होते." आणि तिने ओंजळ रिती केली.

नाईक तसाच उभा. शपथ देवळासमोरची. हात तोडायचा तर पहिला कुणाचा? मग तो खोडावरून चालत गेला, साक्षीपाशी गुडघ्यावर बसला आणि बायकांनी ओतलेली ती भुसभुशीत माती दोन्ही तळव्यांनी दाबून बसवायला लागला. नीट, बुंध्याभोवती, रोप लावल्यासारखी. जमलेल्यांकडे बघून म्हणाला, "आता माझेही लागले. आधी हे तोडा, मग बाकीचे."

कोण तोडणार?

"बारा भरले," तो म्हणाला. दोरी कुणी सोडलीच नाही.

सगळे सुटल्यासारखे झाले. फक्त सायव्वा म्हणाली, "महिन्यापूर्वी भरले असते, तर बरं झालं असतं." एवढंच.

मल्लूने रीतीप्रमाणे साक्ष पाडायला पहार उचलली. सायव्वाने अडवलं. "राहू दे. हणमाच्या नावाचा दुसरा दगड नाही." दुसऱ्या दिवशी जथा निघाला, आला होता त्याहून कमी. काही म्हणतात सायव्वा इथेच राहिली आणि देवी झाली. आबा म्हणाले, छे, कसली देवी! गेली ती. गाढवावर बसून गेली, चालवत नव्हतं म्हणून, आणि मागे वळून बघितलंही नाही.

नाईकाने नाल्याचा बांध फोडून पाणी आत घेतलं. त्या रात्री म्हणे तो छपराखाली झोपला, तो दोन दिवस उठलाच नाही.

आणि घोडे? मीच विचारलं आबांना, घोडे आले का परत?

"आले की," आबा म्हणाले. "तिसऱ्या वर्षी."

तीसेक स्वार होते म्हणे. खंदकाच्या काठाला आले. एकाने भाला बुडवून बघितला, तळ लागेना. वेढ्याभोवती एक फेरी मारली. मग घोड्यांना तिथेच पाणी पाजलं आणि आल्या वाटेने निघून गेले. एवढंच. बाण नाही, आरडाओरडा नाही. गावातल्या बायका गढीच्या नव्या तटावरून बघत होत्या. काठावर एकही पहारवाला नव्हता, नुसतं पाणी होतं, आणि पाणी पुरलं.

सगळं गाव नाचलं त्या दिवशी. काशाई मात्र घरात जाऊन बसली, ती बाहेर येईना. कारण तिला तेव्हा कळलं ना. पाणी पुरणारच होतं. त्या मुठी कधी लागणारच नव्हत्या.

पुढच्या वैशाख अमावस्येला ती एकटीच साक्षीवर गेली आणि घरातली मूठभर माती टाकून आली. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती गेल्यावर दुसऱ्या कुणीतरी टाकली.

आजही टाकतात. वैशाख अमावस्येला, दुपारी, प्रत्येक घरातून एक बाई जाते. एकेकटी. बरोबर जात नाहीत, वाजतगाजत नाही, नारळ नाही, प्रसाद नाही. कुणी कुणाच्या मुठीकडे बघत नाही. खोड कधीच कुजलं, आता गुडघाभर पाण्यातून जातात, कारण टाकलेली माती पावसात घसरून घसरून खांबाचं बेट झालंय आणि खंदक तिथे उथळ झालाय. ओजसने आबांना सांगितलं, की असंच चाललं तर शंभर वर्षांत हा भाग बुजेल. आबा म्हणाले, "बुजू द्या की. लई दिस जागं ऱ्हायलंय ते."

परत येताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून सगळा वेळ काशाईचा नाही, सायव्वाचाच विचार करत होते. ती दुपार, सगळे झोपलेत, हणमा जाऊन थोडेच दिवस झालेत, मल्लूला उद्या परत खाली उतरायचंय. नाईक हाकेच्या अंतरावर. आणि काशाईचं ते हिरव्या बांगड्यांचं मनगट मुठीत.

मला अजून ठरवता येत नाहीये गं. तू सांग, तू काय केलं असतंस? हाक मारली असतीस?